प्रॉक्सीमधून सॉकेट जोडणी: पहिल्या बाइटपासून

सॉकेट उघडून सर्व्हरशी बोलणारा प्रोग्राम तुम्ही लिहिला आहे आणि तो मोकळ्या नेटवर्कवर नीट चालतो. मग तोच प्रोग्राम अशा जागी जातो, जिथे बाहेर पडायला एकच वाट आहे आणि त्या वाटेवर प्रॉक्सी सर्व्हर, म्हणजे आपल्या वतीने बाहेर जोडणी करून देणारा मध्यस्थ, बसला आहे. तिथे तो कनेक्टच्या ओळीवर अडकतो आणि बऱ्याच वेळाने टाइमआउट देतो. त्याच मशीनवर ब्राउझर मात्र सुरळीत चाललेला असतो, कारण ब्राउझरला प्रॉक्सीशी बोलता येतं आणि तुमच्या सॉकेटला ते अजून कुणी शिकवलेलं नाही.

मशीनवर एचटीटीपी_प्रॉक्सी नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलं की काम होईल, असं अनेकांना वाटतं. कर्लसारखी कमांड लाइनवरची साधनं आणि बऱ्याच एचटीटीपी लायब्ररी ते व्हेरिएबल वाचतात, पण कच्चं सॉकेट ते वाचत नाही. ऑपरेटिंग सिस्टिमच्या कनेक्ट कॉलला प्रॉक्सी म्हणजे काय हेच माहीत नसतं. त्याला पत्ता आणि पोर्ट द्या, तो तिथे जायला निघतो. म्हणून प्रॉक्सीशी बोलणं आपल्याला कोडमध्येच लिहावं लागतं.

तसं ते थोडंच आहे. प्रॉक्सीमधून जाणारी जोडणी ही नेहमीचीच टीसीपी जोडणी असते, फक्त ती आधी प्रॉक्सीशी होते. मग आपण मोजके बाइट पाठवून सांगतो की मला अमुक होस्टच्या अमुक पोर्टवर जायचं आहे. प्रॉक्सी तिकडे जोडणी करते आणि मोजक्या बाइटांत उत्तर देते. उत्तर होकाराचं असेल, तर त्या क्षणापासून तेच सॉकेट पलीकडच्या सर्व्हरशी थेट जोडल्यासारखं वापरायचं. सगळं लक्ष द्यायचं ते या सुरुवातीच्या बोलण्यावर. जेवढे बाइट प्रॉक्सीचे, तेवढेच वाचायचे. एक कमी वाचला तरी पुढचं बिघडतं, एक जास्त वाचला तरी बिघडतं.

यासाठी तयार लायब्ररी आहेत, आणि खऱ्या कामात त्याच वापराव्यात. तरीही एकदा हे सगळं स्वतः लिहून पाहा असं मी आग्रहाने सांगेन. पन्नाससाठ ओळींचं काम आहे. ते एकदा केलं की लायब्ररीने दिलेली चूक पाहून नेमकं कुठे बिघडलं हे कळतं.

खालचा कोड कोणत्याही एका भाषेतला नाही. पायऱ्या मराठीत लिहिल्या आहेत, त्या तुमच्या भाषेत उतरवा. सगळे बाइट दशमान आकड्यांत दिले आहेत.

आधी प्रॉक्सी कोणत्या जातीची आहे ते पाहा

रोजच्या कामात दोन जाती भेटतात. पहिली सॉक्स. तिची पाचवी आवृत्ती आरएफसी १९२८ या इंटरनेटच्या नियमपत्रात मार्च १९९६ मध्ये ठरली आणि आजही तीच चालते. तिचा ठरलेला पोर्ट १०८०. सॉक्सला आतून काय जातंय याच्याशी देणंघेणं नसतं. वेब असो, मेल असो की डेटाबेस, तिला सगळं सारखंच. जुनी चौथी आवृत्ती अजून कुठेकुठे दिसते, पण तिच्या मूळ रूपात होस्टचं नाव पाठवता येत नाही, फक्त आयपीव्ही४ पत्ता पाठवता येतो. निवड तुमच्या हातात असेल तर पाचवीच घ्या.

दुसरी जात एचटीटीपी प्रॉक्सीची. तिच्याशी कनेक्ट नावाच्या मेथडने बोलायचं. इथे एक घोटाळा होतो. एचटीटीपी प्रॉक्सी दोन तऱ्हांनी काम करते. साधं, एन्क्रिप्शन नसलेलं वेबपान मागायचं असेल तर संपूर्ण पत्ता विनंतीच्या पहिल्या ओळीत लिहून ती विनंती प्रॉक्सीलाच देतात, आणि प्रॉक्सी ती वाचून स्वतः पुढे करते. आपल्याला मात्र कच्चं सॉकेट हवं आहे. ते मिळतं कनेक्ट मेथडने, कारण त्यानंतर प्रॉक्सी आतलं काही न वाचता दोन्ही बाजूंचे बाइट फक्त इकडून तिकडे नेते. यालाच टनेल म्हणतात.

पोर्टवरून जात ओळखू नका. १०८० म्हणजे बहुधा सॉक्स, ३१२८ हा स्क्विड या एचटीटीपी प्रॉक्सी प्रोग्रामचा मूळचा पोर्ट, ८०८० वर बऱ्याचदा एचटीटीपी प्रॉक्सी असते, पण कुणीही कोणताही पोर्ट देऊ शकतं. ज्याने प्रॉक्सी उभी केली आहे त्याला विचारा. विचारणं शक्य नसेल तर आधी कर्लला तिच्यातून पाठवून पाहा. सविस्तर माहिती दाखवण्याचा पर्याय चालू ठेवला तर प्रॉक्सीशी झालेलं बोलणं कर्ल ओळीओळीने दाखवतं. ज्या वाटेने कर्ल जात नाही, त्या वाटेने तुमचा कोडही जाणार नाही. तेव्हा कोडमध्ये चूक शोधण्याआधी ही तपासणी करून घ्या.

आणि परवानगी असलेलीच प्रॉक्सी वापरा. इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या अनोळखी प्रॉक्सींच्या याद्यांपासून लांब राहा. तुमचा एन्क्रिप्ट न केलेला प्रत्येक बाइट ती प्रॉक्सी चालवणाऱ्याला वाचता येतो, बदलताही येतो.

सरावासाठी स्वतःची प्रॉक्सी

तुमच्याकडे एखाद्या मशीनवर एसएसएचने लॉगिन करण्याची सोय असेल, तर सॉक्स प्रॉक्सी आधीच तुमच्या हातात आहे. ओपनएसएसएचचा क्लायंट मोठ्या डी अक्षराचा पर्याय आणि १०८० हा पोर्ट देऊन चालवा. तुमच्याच मशीनच्या १२७.०.०.१ या पत्त्यावर सॉक्स सर्व्हर ऐकू लागतो आणि त्यातून आलेली प्रत्येक जोडणी एसएसएचच्या पलीकडच्या टोकाहून बाहेर पडते. एचटीटीपी प्रॉक्सीच्या सरावासाठी स्क्विड स्वतःच्या मशीनवर चालवता येतं.

ओपनएसएसएचच्या या सोयीची एक खोड आधीच सांगून ठेवतो. पलीकडची जोडणी प्रत्यक्ष होण्याआधीच ते यशाचं उत्तर पाठवून देतं. म्हणजे बंद पोर्टवर जायला सांगितलं तरी तुम्हाला होकार मिळतो, आणि लगेच सॉकेट बंद होतं. सराव करताना असं झालं तर तुमच्या कोडमध्ये चूक शोधत बसू नका.

सगळ्यात आधी एक छोटं फंक्शन

टीसीपी हा बाइटांचा सलग प्रवाह आहे. त्यात संदेशांच्या सीमा नसतात. पलीकडून दहा बाइट एकत्र पाठवले म्हणून तुमच्या एका वाचनात दहाच येतील असं नाही. चार येतील, मग सहा येतील. किंवा दहाच्या जोडीला पुढचेही वीस येतील. तुमच्या मशीनवर प्रॉक्सी आणि प्रोग्राम शेजारी शेजारी असताना हे बहुधा दिसत नाही, आणि दूरच्या नेटवर्कवर अचानक दिसतं. म्हणून हे फंक्शन आधी लिहा आणि पुढे प्रॉक्सीचं सॉक्स उत्तर वाचताना दुसरं काहीही वापरू नका:

```
फंक्शन नेमके_वाचा(सॉकेट, किती):
    जमलेले = रिकामे
    जोवर लांबी(जमलेले) < किती:
        तुकडा = वाचा(सॉकेट, किती - लांबी(जमलेले))
        जर तुकडा रिकामा असेल:
            चूक("प्रॉक्सीने मध्येच जोडणी तोडली")
        जमलेले = जमलेले + तुकडा
    परत द्या जमलेले
```

रिकाम्या तुकड्याची तपासणी वगळू नका. वाचनातून शून्य बाइट येणं म्हणजे समोरच्याने जोडणी बंद केली. ती तपासणी नसेल तर हे चक्र कधीच थांबत नाही आणि प्रोसेसर शंभर टक्के चालत राहतो.

पाठवतानाही तसंच. साधा सेंड कॉल दिलेले सगळे बाइट पाठवेलच असं नाही. किती पाठवले तो आकडा तो परत देतो. पायथनमध्ये सेंडऑल आहे, ते वापरा. सीमध्ये स्वतः चक्र लिहा.

सॉक्सशी बोलणं

पहिली पायरी ओळखीची. प्रॉक्सीशी जोडणी करा आणि तीन बाइट पाठवा:

```
सॉकेट = जोडा("१२७.०.०.१", १०८०)
पाठवा(सॉकेट, [५, १, ०])
उत्तर = नेमके_वाचा(सॉकेट, २)
```

पहिला ५ म्हणजे सॉक्सची आवृत्ती. दुसरा १ म्हणजे ओळख पटवण्याच्या किती पद्धती मला येतात त्यांची संख्या. मग त्या पद्धतींची यादी. इथे एकच आहे, ०, म्हणजे ओळखीशिवाय. नाव आणि पासवर्डही देता येत असेल तर [५, २, ०, २] पाठवा.

उत्तराचे दोन बाइट. पहिला ५ असलाच पाहिजे. दुसरा म्हणजे प्रॉक्सीने निवडलेली पद्धत. तो २५५ असेल तर तुम्ही सांगितलेली एकही पद्धत तिला मान्य नाही. सॉकेट बंद करा.

पहिला बाइट ५ ऐवजी ७२ आला तर? ७२ म्हणजे रोमन एच. तुम्ही सॉक्स समजून एचटीटीपी प्रॉक्सीशी बोलताय आणि तिने एचटीटीपीमध्येच तक्रार केली आहे. एवढी एक तपासणी कोडमध्ये ठेवून स्पष्ट संदेश दिला, तर तो प्रोग्राम वापरणाऱ्या पुढच्या माणसाचा बराच वेळ वाचतो.

प्रॉक्सीने पद्धत २ निवडली तर मधे एक पायरी वाढते. ती आरएफसी १९२९ मध्ये दिली आहे:

```
पाठवा(सॉकेट, [१, लांबी(नाव)] + नाव + [लांबी(पासवर्ड)] + पासवर्ड)
उत्तर = नेमके_वाचा(सॉकेट, २)
```

इथे पहिला बाइट १ आहे, ५ नाही. ही या छोट्या उपसंवादाची स्वतःची आवृत्ती आहे आणि सवयीने ५ लिहिला जातो. उत्तरातला दुसरा बाइट ० असेल तरच पुढे जा. नाव आणि पासवर्ड जसेच्या तसे, उघडे जातात. तेव्हा प्रॉक्सीपर्यंतचं नेटवर्क भरवशाचं नसेल तर ही पद्धत भरवशाची नाही.

आता मुख्य मागणी. समजा एक्झाम्पल डॉट कॉम या होस्टच्या ४४३ पोर्टवर जायचं आहे. हे डोमेन उदाहरणांसाठीच राखून ठेवलेलं आहे, म्हणून निश्चिंतपणे वापरता येतं.

```
मागणी = [५, १, ०, ३, लांबी(होस्ट)] + होस्ट + [भागाकार(पोर्ट, २५६), बाकी(पोर्ट, २५६)]
पाठवा(सॉकेट, मागणी)
```

५ ही आवृत्ती. १ म्हणजे कनेक्ट, बाहेर जोडणी कर. २ आणि ३ हे आकडेही आहेत, अनुक्रमे येणाऱ्या जोडणीसाठी आणि यूडीपीसाठी, पण आपल्याला ते नकोत. पुढचा ० राखीव. मग पत्त्याचा प्रकार: १ म्हणजे चार बाइटांचा आयपीव्ही४ पत्ता, ३ म्हणजे होस्टचं नाव, ४ म्हणजे सोळा बाइटांचा आयपीव्ही६ पत्ता. नाव पाठवताना आधी त्याची लांबी एका बाइटात. शेवटी पोर्ट दोन बाइटांत, मोठा बाइट आधी.

प्रत्यक्षात जाणारे बाइट असे असतात:

```
५, १, ०, ३, ११, १०१, १२०, ९७, १०९, ११२, १०८, १०१, ४६, ९९, १११, १०९, १, १८७
```

एकूण १८. शेवटचे १ आणि १८७ म्हणजे १ गुणिले २५६ अधिक १८७, बरोबर ४४३. हे दोन उलटे लिहिले तर प्रॉक्सी तुम्हाला ४७८७३ पोर्टवर न्यायला निघेल. तुमचा कोड काय पाठवतोय ते एकदा छापून या ओळीशी ताडून पाहा. पहिल्या प्रयत्नातल्या चुका बहुतेक वेळा तिथेच सापडतात.

लांबी बाइटांत मोजायची आहे, अक्षरांत नाही. देवनागरीतलं डोमेन असेल तर ते आधी प्युनीकोडमध्ये, म्हणजे त्याच्या रोमन अक्षरांतल्या रूपात, बदला आणि मग मोजा.

उत्तराची लांबी ठरलेली नाही

इथे थोडं थांबू या, कारण इंटरनेटवर सापडणाऱ्या कितीतरी नमुना कोडमध्ये ही चूक आहे. प्रॉक्सीचं उत्तर बहुधा असं येतं: ५, ०, ०, १ आणि पुढे सहा बाइट. मोजून दहा. म्हणून लोक सरळ दहा बाइट वाचतात आणि पुढे जातात. सरावात ते चालतं, कारण ओपनएसएसएच खरोखर दहाच बाइट पाठवतं.

पण उत्तरातला चौथा बाइट हाही पत्त्याचा प्रकार आहे. प्रॉक्सी ज्या पत्त्यावरून बाहेर पडली तो पत्ता ती कळवते. तो आयपीव्ही६ असेल तर उत्तर २२ बाइटांचं होतं. तुम्ही दहा वाचून थांबलात तर उरलेले बारा बाइट सॉकेटमध्ये पडून राहतात आणि तुमचा प्रोग्राम ते पलीकडच्या सर्व्हरचं पहिलं बोलणं समजून वाचतो. जोडणीवर टीएलएस, म्हणजे एन्क्रिप्शनचा थर, असेल तर त्याचा सुरुवातीचा हँडशेक मोडतो आणि चूक दिसते ती टीएलएसची. माणूस मग सर्टिफिकेट तपासत बसतो, आणि दोष बारा पायऱ्या आधीच्या वाचनात असतो.

बरोबर वाचन असं:

```
डोके = नेमके_वाचा(सॉकेट, ४)
जर डोके[१] शून्य नसेल: चूक(कारण(डोके[१]))
जर डोके[३] = १: नेमके_वाचा(सॉकेट, ४)
जर डोके[३] = ३:
    किती = नेमके_वाचा(सॉकेट, १)
    नेमके_वाचा(सॉकेट, किती[०])
जर डोके[३] = ४: नेमके_वाचा(सॉकेट, १६)
नेमके_वाचा(सॉकेट, २)
```

शेवटचे दोन बाइट पोर्टचे. वाचलेला पत्ता आणि पोर्ट फेकून दिले तरी चालतात. वाचणं मात्र चुकवायचं नाही.

दुसरा बाइट ० नसेल तर त्यात कारण असतं आणि ते माणसाला कळेल अशा शब्दांत दाखवा. १ म्हणजे प्रॉक्सीकडे काहीतरी बिघडलं. २ म्हणजे नियमाने मनाई. ३ म्हणजे ते नेटवर्कच गाठता येत नाही, ४ म्हणजे होस्ट गाठता येत नाही. ५ म्हणजे पलीकडच्या सर्व्हरने जोडणी नाकारली. ६ म्हणजे पॅकेटची आयुमर्यादा (टीटीएल) वाटेतच संपली. ७ म्हणजे ही आज्ञा येत नाही, ८ म्हणजे हा पत्त्याचा प्रकार चालत नाही. यातला ५ आणि तुमच्या स्वतःच्या कनेक्ट कॉलला मिळालेला नकार यांत गल्लत करू नका. एकात पलीकडच्या सर्व्हरने प्रॉक्सीला नाकारलं, दुसऱ्यात तुम्ही प्रॉक्सीपर्यंतच पोचला नाहीत. दोन्हींचे संदेश वेगळे ठेवा.

नावाचा पत्ता कुणी शोधायचा

वर आपण होस्टचं नाव जसंच्या तसं प्रॉक्सीला दिलं. आधी स्वतः डीएनएसला विचारून आयपी पत्ता पाठवणंही नियमात बसतं, आणि अनेक जण तसं करतात. माझा कल स्पष्टपणे नाव पाठवण्याकडे आहे. बंदिस्त नेटवर्कमध्ये तुमच्या मशीनला बाहेरची नावं बऱ्याचदा सोडवताच येत नाहीत. ते काम फक्त प्रॉक्सीला जमतं. शिवाय गोपनीयतेसाठी प्रॉक्सी वापरत असाल तर तुम्ही कुठे जाताय हे स्थानिक डीएनएस सर्व्हरला आधीच कळतं आणि सगळा हेतूच वाया जातो. टॉर या गोपनीयतेसाठीच्या नेटवर्कमधून जाताना तर हे कटाक्षाने पाळावं लागतं.

लायब्ररींमध्ये याचं बटण वेगवेगळ्या नावांनी असतं. कर्ल आणि पायथनच्या रिक्वेस्ट्समध्ये प्रॉक्सीच्या पत्त्याची सुरुवात सॉक्स५ अशी लिहिली तर नाव तुमचं मशीन सोडवतं, आणि सॉक्स५एच लिहिली तर प्रॉक्सी सोडवते. एका अक्षराचा फरक आहे. पायथनच्या पायसॉक्स लायब्ररीमध्ये आरडीएनएस नावाचा पर्याय आहे. जावामध्ये पत्ता तयार करताना क्रिएट अनरिझॉल्व्ड ही मेथड वापरावी लागते. साध्या कन्स्ट्रक्टरने तिथल्या तिथे डीएनएसला विचारलं जातं.

एचटीटीपी कनेक्ट

हे बोलणं मजकुरात चालतं. तारेवर सगळं रोमन अक्षरांत, आस्कीमध्ये जातं, रचना अशी:

```
कनेक्ट होस्ट:पोर्ट एचटीटीपी/१.१
होस्ट: होस्ट:पोर्ट
(रिकामी ओळ)
```

पहिल्या ओळीतला कनेक्ट हा शब्द मोठ्या अक्षरांतच हवा. होस्टच्या आधी कोणताही प्रोटोकॉल किंवा तिरकी रेघ नको, आणि पोर्ट लिहिलाच पाहिजे, ४४३ असला तरी. प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन बाइट, १३ आणि १०. शेवटची रिकामी ओळ विसरलात तर प्रॉक्सी तुमची विनंती अजून संपली नाही असं समजून वाट पाहते, तुम्ही तिच्या उत्तराची वाट पाहता, आणि दोघंही टाइमआउटपर्यंत थांबून राहता.

उत्तराच्या पहिल्या ओळीत तीन आकडी कोड येतो. बहुतेक प्रॉक्सी २०० देतात, पण २ ने सुरू होणारा कोणताही कोड म्हणजे यश. पुढे काही हेडर असतात आणि मग रिकामी ओळ. रिकाम्या ओळीनंतरचा पहिला बाइट पलीकडच्या सर्व्हरचा.

सॉक्समध्ये किती बाइट वाचायचे हे आधी कळत होतं. इथे ते कळत नाही. १३, १०, १३, १० हे चार बाइट एकापाठोपाठ दिसेपर्यंत वाचायचं. बहुतेक जण इथे चार हजार बाइट एकदम वाचतात किंवा सॉकेटभोवती ओळी वाचणारा बफर गुंडाळतात. माझ्या पहिल्या कोडमध्ये तसंच होतं. वेब सर्व्हरवर तो महिनोन्‌महिने बिनचूक चालला. मग तोच मेल सर्व्हरकडे वळवला आणि तो अधूनमधून गोठू लागला. दहा वेळा चाले, अकराव्यांदा थांबे. कारण असं, की वेबवर आधी क्लायंट बोलतो, त्यामुळे प्रॉक्सीच्या उत्तरामागे लगेच काही येत नाही. मेलचा एसएमटीपी, एसएसएच, एफटीपी, मायएसक्यूएल यांत आधी सर्व्हर बोलतो. त्याचं स्वागतवाक्य कधी प्रॉक्सीच्या उत्तराला चिकटून आलं की ते माझ्या बफरमध्ये गिळलं जाई, आणि पुढचा कोड कच्च्या सॉकेटवर त्याच वाक्याची वाट पाहत बसे.

उपाय सोपा आहे. हेडर संपेपर्यंत एकेक बाइट वाचा:

```
हेडर = रिकामे
जोवर हेडरचा शेवट [१३, १०, १३, १०] नाही:
    हेडर = हेडर + नेमके_वाचा(सॉकेट, १)
    जर लांबी(हेडर) > १६३८४: चूक("हेडर फार मोठे")
```

एकेक बाइट म्हणजे संथ, असं ऐकू येतं. प्रत्येक जोडणीला एकदाच काहीशे बाइट वाचायचे आहेत. नेटवर्कच्या एका फेरीपुढे तो वेळ नगण्य आहे. मोठं वाचन करायचंच असेल तर जास्तीचे बाइट जपून ठेवून पुढच्या कोडला आधी द्या. जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडने हेच केलं आहे. तिथे कनेक्ट विनंतीनंतर येणाऱ्या इव्हेंटमध्ये सॉकेटच्या जोडीला हेड नावाचा बफर मिळतो, आणि टनेलचे आधीच येऊन पोचलेले बाइट त्यात असतात. तो टाकून देऊ नका.

यशाच्या उत्तरात कंटेंट लेंग्थ हे हेडर दिसलं तरी ते दुर्लक्षित करा. तसा नियमच आहे. नकाराच्या उत्तरात मात्र पुढचा मजकूर जरूर वाचा आणि लॉगमध्ये लिहा, कारण प्रॉक्सी बऱ्याचदा नेमकं कारण तिथे लिहिते. ४०३ आला आणि तुम्ही ४४३ सोडून दुसऱ्या पोर्टवर जात असाल, तर कारण बहुधा तेच. स्क्विडच्या मूळच्या मांडणीत कनेक्टला फक्त ४४३ पोर्टची परवानगी असते. ५०२ किंवा ५०४ म्हणजे प्रॉक्सी पलीकडे पोचू शकली नाही.

४०७ म्हणजे ओळख द्या. त्यासाठी प्रॉक्सी ऑथरायझेशन हे हेडर. त्यात बेसिक हा शब्द, एक जागा, आणि नाव, विसर्गचिन्हासारखा दिसणारा कोलन व पासवर्ड हे जोडून केलेलं बेस६४. प्रॉक्सी हा शब्द गाळून नुसतं ऑथरायझेशन लिहिलं तर ते प्रॉक्सीसाठी नसतं. आणि बेस६४ हे कुलूप नाही. कुणीही ते क्षणात उलगडतं. ४०७ नंतर प्रॉक्सीने जोडणी बंद केली असू शकते, तेव्हा नव्या सॉकेटवर पुन्हा सुरुवात करणं सगळ्यात सुरक्षित. एनटीएलएम किंवा निगोशिएट या ओळख पटवण्याच्या गुंतागुंतीच्या पद्धती मागणारी प्रॉक्सी असेल तर तो भाग हाताने लिहू नका, तिथे लायब्ररीच घ्या.

टनेलमध्ये टीएलएस

टनेल तयार झाला की त्याच सॉकेटवर टीएलएस चढवा, नवं सॉकेट उघडू नका. सर्टिफिकेट तपासण्यासाठी जे नाव द्यायचं ते पलीकडच्या होस्टचं, प्रॉक्सीचं नाही. सॉकेट प्रॉक्सीच्या पत्त्याशी जोडलेलं असल्यामुळे काही लायब्ररी चुकीचं नाव उचलतात. पायथनमध्ये सर्व्हर_होस्टनेम स्वतः द्यावं लागतं. नाव जुळत नाही म्हणून तपासणीच बंद करून टाकणं हा उपाय नाही. मधे एक तिसरा सर्व्हर बसलेला असताना तर ती तपासणी नेहमीपेक्षा जास्त गरजेची आहे.

वेळमर्यादा

कनेक्टला दिलेली वेळमर्यादा फक्त प्रॉक्सीपर्यंत पोचण्याला लागू होते, आणि प्रॉक्सी जवळच असल्याने ती पायरी क्षणात पार पडते. खरी वाट पाहणं उत्तर वाचताना होतं, कारण तेव्हा प्रॉक्सी पलीकडे जोडणी करत असते. म्हणून वाचनालाही मर्यादा लावा आणि संपूर्ण बोलण्याला मिळून एक अंतिम मुदत ठेवा. बोलणं संपल्यावर ती मर्यादा काढून तुमच्या प्रोटोकॉलला साजेशी ठेवा, नाहीतर शांत बसलेली चांगली जोडणी उगाच तुटेल. बऱ्याच प्रॉक्सी निष्क्रिय टनेल काही मिनिटांनी स्वतःहूनही तोडतात. दीर्घकाळ उघडी ठेवायची जोडणी असेल तर तुमच्या प्रोटोकॉलमध्येच अधूनमधून एखादा छोटा संदेश पाठवत राहा.

आता लायब्ररी

जावामध्ये प्रॉक्सी हा क्लास जावा ५ पासून आहे. सॉक्स प्रकारची प्रॉक्सी सॉकेटच्या कन्स्ट्रक्टरला दिली की बाकी ते स्वतः पाहतं. एचटीटीपी प्रकार कच्च्या सॉकेटला जावा ८ पासून चालतो. ८ च्या १११ व्या अपडेटपासून एचटीटीपीएस टनेलसाठी बेसिक ओळख मुळात बंद केलेली आहे, त्यामुळे पासवर्ड बरोबर असूनही ४०७ येत राहिला तर ती सेटिंग आधी पाहा. गोमध्ये एक्स नेट संचातलं प्रॉक्सी हे पॅकेज सॉक्स ५ साठी पुरतं. डॉटनेटच्या एचटीटीपी क्लायंटला सॉक्स समजतं ते आवृत्ती ६ पासून.

पायथनमध्ये पायसॉक्स. त्यात संपूर्ण प्रोग्रामचं मूळ सॉकेटच बदलून टाकण्याची एक युक्ती खूप ठिकाणी दिलेली आढळते. ती टाळा. नाव सोडवणारं फंक्शन त्यात बदललं जात नाही, म्हणून डीएनएसचे प्रश्न प्रॉक्सीला वळसा घालून जातात, आणि प्रोग्राममधल्या ज्या जोडण्या थेट जायला हव्यात त्याही प्रॉक्सीकडे जातात. हव्या त्या सॉकेटलाच प्रॉक्सी द्या.

चाचणी कशी घ्याल

वेबपान उघडलं म्हणजे कोड बरोबर, असं धरू नका; कारण वर सांगितलंच. पहिली चाचणी बंद पोर्टवर करा आणि चुकीबद्दल आलेला संदेश वाचून कुठे बिघडलं ते कळतंय का पाहा. दुसरी, प्रॉक्सीच बंद करून. तिसरी, पासवर्ड चुकवून. चौथीसाठी वायरशार्क या नेटवर्कवरचे बाइट दाखवणाऱ्या साधनात स्वतःच्या मशीनचा लूपबॅक इंटरफेस उघडा आणि तुमचे १८ बाइट तारेवर तसेच दिसतात का ते बघा. सॉक्स त्याला ओळखता येतं.

शेवटची चाचणी आधी बोलणाऱ्या सर्व्हरची. तुमची परवानगी असलेल्या एखाद्या मशीनच्या २२ पोर्टवर प्रॉक्सीमधून जोडणी करा आणि काहीही न पाठवता नुसतं वाचा. पहिले चार बाइट ८३, ८३, ७२, ४५ आले पाहिजेत. सर्व्हर एसएसएच अशी स्वतःची ओळख सांगून पुढे एक आडवी रेघ देतो, तेच हे बाइट. ही चाचणी शंभर वेळा चक्रात चालवा. शंभरही वेळा पहिला बाइट ८३ असेल, तर तुमचं वाचन बरोबर जागी थांबतंय.